पहिला पसंतीक्रम (अकरावी प्रवेश)

पहिला पसंतीक्रम ही महाराष्ट्रातील इयत्ता अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेतील एक बंधनकारक तरतूद आहे. विद्यार्थ्याने अर्जात पहिल्या क्रमांकावर नोंदवलेले कनिष्ठ महाविद्यालय त्याला नियमित फेरीत मिळाले, तर तेथे मुदतीत प्रवेश घेणे त्याला भाग असते. प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांसाठी तो अपात्र ठरतो आणि त्याला सर्वांसाठी खुल्या असलेल्या अखेरच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. त्याखालच्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाल्यास मात्र ते स्वीकारायचे की पुढील फेरीची वाट पाहायची, हे विद्यार्थी ठरवू शकतो. त्यामुळे अर्जातील दहा रकान्यांपैकी पहिल्या रकान्याला इतर नऊ रकान्यांपेक्षा वेगळे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

दहावीच्या निकालानंतर प्रत्येक महाविद्यालयातून स्वतंत्र अर्ज आणणे, रांगेत उभे राहून तो भरणे आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर गुणवत्ता यादी पाहण्यासाठी जाणे, ही मुंबई परिसरातील जुनी रीत होती. एकाच विद्यार्थ्याचे नाव अनेक याद्यांत लागत असे. त्याने एके ठिकाणी प्रवेश घेतल्यावर उरलेल्या ठिकाणच्या जागा रिकाम्या होत, आणि त्या भरेपर्यंत महाविद्यालये व विद्यार्थी दोघेही ताटकळत. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून मुंबई महानगर प्रदेशात ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. पुढे पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती या महानगरांतही ही पद्धत लागू झाली. २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्यासाठी लागू करण्यात आली.

गुणवत्ता यादी कशी लावावी, हा प्रश्न अनेकदा न्यायालयात गेला. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखून ठेवण्याचा २००९ मधील शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे सूत्र २०१० मध्ये उच्च न्यायालयात टिकले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते ग्राह्य ठरवले. कोविड साथीमुळे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा होऊ शकली नाही. त्या वर्षी अकरावी प्रवेशासाठी स्वतंत्र सामायिक परीक्षा घेण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. तोही उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरवला. गुण कसे मोजावेत याविषयीचे हे वाद होत असताना एक गोष्ट कायम राहिली. ती म्हणजे, गुण आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला क्रम या दोन्हींच्या आधारे होणारे जागावाटप. पहिल्या पसंतीची अट या दुसऱ्या घटकाशी निगडित आहे.

प्रक्रियेतील स्थान

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती, गुण, आरक्षणाचा प्रवर्ग आणि कागदपत्रे यांची नोंद होते. दुसऱ्या भागात तो महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरतो. २०२५-२६ मध्ये किमान १ आणि कमाल १० पसंतीक्रम भरण्याची मुभा होती. नियमित फेऱ्यांपूर्वी कोट्यातील प्रवेशांसाठी 'शून्य फेरी' घेण्यात आली. व्यवस्थापन कोटा, संस्थांतर्गत कोटा आणि अल्पसंख्याक कोटा हे त्यांतील तीन प्रमुख कोटे होत. कोट्यातून प्रवेश निश्चित केलेला विद्यार्थी केंद्रीय फेऱ्यांतून बाहेर पडतो. कोट्यातील न भरलेल्या जागा संस्थेने परत केल्यास त्या पुढील केंद्रीय फेऱ्यांत समाविष्ट होतात.

फेरीचा निकाल लागल्यावर विद्यार्थ्यापुढील पर्याय पुढीलप्रमाणे असतात :

* पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास : प्रवेश घेणे बंधनकारक.
* दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास : प्रवेश घ्यावा किंवा पुढील फेरीची वाट पाहावी. प्रवेश घेतल्यास विद्यार्थ्याची प्रक्रिया तेथेच संपते.
* कोणतेही महाविद्यालय न मिळाल्यास : पुढील फेरीत आपोआप संधी.

पुढील फेरीपूर्वी अर्जाच्या दुसऱ्या भागातील क्रम बदलता येतो. बदललेल्या यादीतील पहिले नाव त्या फेरीत पुन्हा बंधनकारक ठरते. पोर्टलवर प्रवेशासाठी संमती नोंदवणे, मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात जाणे आणि शुल्क भरणे ही तिन्ही कामे मुदतीत पूर्ण झाली, तरच प्रवेश निश्चित मानला जातो. घेतलेला प्रवेश रद्द करता येतो. मात्र रद्द करणारा विद्यार्थीही नियमित फेऱ्यांना मुकतो.

२०२५-२६ च्या पहिल्या नियमित फेरीत राज्यभरातील सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना जागा मिळाली. त्यांपैकी सुमारे ४ लाख ५७ हजार, म्हणजे दर चार विद्यार्थ्यांमागे जवळपास तिघांना, पहिल्या पसंतीचेच महाविद्यालय मिळाले होते. बंधनाची अट मूठभरांना नव्हे, तर बहुसंख्य विद्यार्थ्यांना लागू होते, हे या आकड्यांवरून दिसते.

अटीचा हेतू

या अटीमागे प्रशासकीय कारण आहे. विद्यार्थ्याने स्वतःच सर्वोच्च स्थानी लिहिलेली जागा मिळाल्यावर त्याला आणखी चांगल्या जागेची प्रतीक्षा असण्याचे कारण उरत नाही. तरीही तो फेऱ्यांत राहिला, तर त्याने अडवलेली जागा त्या फेरीत दुसऱ्याला मिळत नाही. लाखो अर्जांच्या प्रक्रियेत अशा अडलेल्या जागांची संख्या वाढली की फेऱ्या वाढतात आणि वर्ग उशिरा सुरू होतात. अकरावी व बारावी मिळून अभ्यासाचा काळ मुळातच दोन वर्षांहून कमी असल्याने विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना या विलंबाची झळ अधिक बसते.

जागावाटपाचे गणित

संगणकीय वाटपात गुणवत्ता यादीतील वरच्या विद्यार्थ्याचा विचार आधी होतो. त्याच्या यादीतील पहिल्या महाविद्यालयात त्याच्या प्रवर्गानुसार जागा शिल्लक असेल तर ती त्याला मिळते. नसेल तर दुसरे, मग तिसरे, अशा क्रमाने पाहिले जाते. त्यानंतर खालच्या विद्यार्थ्याचा क्रम येतो. एखाद्या महाविद्यालयाला कोणी पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि कोणी पाचव्या, यावरून त्या महाविद्यालयातील प्राधान्य ठरत नाही. ते गुणांवरून ठरते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय वरच्या क्रमांकावर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयांतील संधी कमी होत नाही. 'पहिला क्रमांक वाया गेला तर दुसरे महाविद्यालयही हातचे जाईल' हा पालकांमध्ये आढळणारा समज या पद्धतीला लागू पडत नाही. दुसरी, घराजवळचे आणि हमखास मिळणारे महाविद्यालय केवळ सुरक्षिततेसाठी पहिल्या क्रमांकावर लिहिले, तर तेच मिळते आणि त्याखाली लिहिलेल्या अधिक आवडीच्या महाविद्यालयांचा विचारच होत नाही.

काल्पनिक उदाहरण घेतल्यास, ८८ टक्के गुण मिळवलेल्या विद्यार्थिनीच्या मनात तीन महाविद्यालये आहेत. 'अ' चे गेल्या वर्षीचे शेवटचे प्रवेशगुण ९३ टक्के, 'ब' चे ८७ टक्के आणि 'क' चे ८० टक्के आहेत. तिची खरी आवड अ, ब, क या क्रमाने असेल आणि तिने तसेच लिहिले, तर बहुधा तिला 'ब' मिळेल; ते दुसऱ्या पसंतीचे असल्याने ते घेण्याचे किंवा थांबण्याचे स्वातंत्र्यही राहील. तिने भीतीपोटी 'क' पहिले लिहिले, तर तिला 'क' मिळेल आणि ते सोडताही येणार नाही. 'ब' पहिले लिहिले, तर तिला 'ब' च मिळेल. पण पुढच्या फेरीत 'अ' चे प्रवेशगुण उतरले तरी त्याचा तिला उपयोग नाही.

प्रवेशगुण फेरीगणिक सहसा उतरतात; परंतु मागणी असलेल्या काही महाविद्यालयांत पुढील फेऱ्यांसाठी फारच थोड्या जागा उरतात. त्यामुळे दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाची जागा सोडून वाट पाहणे हा निर्धोक मार्ग नाही. सोडलेली जागा इतरांना दिली जाते आणि पुढील फेरीत तीच मिळेल याची हमी नसते.

अशा वाटपाचा गणिती अभ्यास डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली यांनी १९६२ मध्ये मांडला. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक शेप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना या क्षेत्रातील कामासाठी मिळाले. सर्वांसाठी एकच गुणवत्ता यादी असेल आणि हवी तितकी नावे लिहिण्याची मुभा असेल, तर खरी आवड खऱ्या क्रमाने लिहिणे हेच विद्यार्थ्याच्या सर्वाधिक हिताचे असते, असे या सिद्धान्तावरून सिद्ध होते. नावांवर दहाची मर्यादा आली की या नियमाला मुरड पडते : दहाही नावे आवाक्याबाहेरची असतील, तर काहीच न मिळण्याचा धोका राहतो. म्हणून यादीच्या तळाशी खात्रीची नावे असणे आवश्यक ठरते. सुरक्षित महाविद्यालयाची जागा यादीच्या अखेरीस असते, आरंभी नव्हे.

ठाकुर्ली व कल्याण-डोंबिवली परिसर

मुंबई महानगर प्रदेशातील विद्यार्थ्यांपुढील निवड कशी गुंतागुंतीची असते, हे ठाकुर्लीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील हे उपनगर मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध आहे. येथे धीम्या लोकल थांबतात. जलद लोकलसाठी प्रवाशांना डोंबिवली किंवा कल्याण गाठावे लागते.

ठाकुर्ली पूर्वेला कांचनगाव भागात मंजुनाथ महाविद्यालय आहे. एका स्थानकाच्या अंतरावर डोंबिवलीत एमआयडीसी भागातील के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय, तसेच प्रगती महाविद्यालय आणि मॉडेल महाविद्यालय आहे. दुसऱ्या दिशेला कल्याण पश्चिमेस बिर्ला महाविद्यालय आणि के. एम. अग्रवाल महाविद्यालय आहे. कर्जतच्या दिशेने गेल्यास उल्हासनगर स्थानकाजवळ चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय लागते. मुंबईच्या दिशेने ठाण्यात बांदोडकर व जोशी-बेडेकर, मुलुंडला वझे-केळकर, माटुंग्याला रुईया, पोदार व खालसा, आणि त्याही पुढे दक्षिण मुंबईत झेवियर्स, जयहिंद व के. सी. ही महाविद्यालये आहेत.

ही सर्व नावे एकाच विद्यार्थ्याच्या एकाच यादीत येऊ शकतात. नामांकित महाविद्यालय आणि रोजचा प्रवास यांतील निवड येथे ठळकपणे समोर येते. डोंबिवली ते ठाणे हा मध्य रेल्वेवरील अतिशय गर्दीचा पट्टा आहे. दहावी उत्तीर्ण झालेले पंधरा-सोळा वर्षांचे मूल प्रथमच एकट्याने आणि ऐन गर्दीच्या वेळी हा प्रवास करू लागते. २०२५ ची प्रवेश प्रक्रिया चालू असतानाच ९ जून रोजी मुंब्रा स्थानकाजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी पडून काहींचा मृत्यू झाला. पहिल्या रकान्यात ठाण्यापलीकडचे महाविद्यालय लिहिणे म्हणजे दोन वर्षांचा हा प्रवासही स्वीकारणे होय; आणि ते महाविद्यालय पहिल्याच फेरीत मिळाले, तर प्रवासाचा विचार नंतर करण्यास वाव उरत नाही.

याउलट, माटुंगा किंवा मुलुंडकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ठाकुर्लीहून थेट धीमी लोकल मिळते, तर बिर्ला किंवा पेंढरकर महाविद्यालयासाठी रेल्वेनंतर रिक्षा किंवा बसचाही प्रवास करावा लागतो. त्यामुळे नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ व त्रास यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. रेल्वेकडून विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक व त्रैमासिक पास मिळतो. घरापासून वर्गापर्यंत लागणारा एकूण वेळ आणि महाविद्यालयाचे सत्र सकाळचे आहे की दुपारचे, या बाबी येथील निवडीत निर्णायक ठरतात.

निवडीतील इतर घटक

*तुकडीचा प्रकार :* एकाच महाविद्यालयात एकाच शाखेच्या अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. अर्जात हे स्वतंत्र पर्याय असतात आणि त्यांच्या शुल्कात मोठा फरक असतो. केवळ महाविद्यालयाचे नाव पाहून विनाअनुदानित तुकडी पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती मिळाली, तर तेथील शुल्कासह प्रवेश बंधनकारक होतो. 'शुल्क परवडत नाही' हे कारण नियमित फेरीत टिकून राहण्यासाठी पुरेसे नसते. निम्न उत्पन्न गटातील कुटुंबांना या अटीचा सर्वाधिक जाच येथे होतो.

*विषय :* इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांसारखे द्विलक्ष्यी विषय सर्व महाविद्यालयांत नसतात. दुसऱ्या भाषेचे पर्याय, वाणिज्य शाखेत गणित आहे की चिटणिसाची कार्यपद्धती, कला शाखेत मानसशास्त्र किंवा तर्कशास्त्र आहे की नाही, याची चौकशी पसंतीक्रम भरण्यापूर्वी करावी लागते. महाविद्यालय मिळाले पण विषय मिळाला नाही, ही परिस्थिती पहिल्या पसंतीच्या बंधनातून सुटका देत नाही.

*खासगी शिकवण्या :* अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांची तयारी करणारे काही विद्यार्थी महाविद्यालयापेक्षा शिकवणीच्या वेळापत्रकाला प्राधान्य देतात. उपस्थितीबाबत शिथिल असलेली महाविद्यालये अशा वेळी पहिल्या क्रमांकावर येतात. प्रयोगशाळा व नियमित अध्यापन यांची किंमत मोजून केलेल्या या निवडीवर शिक्षणक्षेत्रातून सातत्याने टीका झाली आहे.

*वरिष्ठ महाविद्यालयाशी जोड :* कनिष्ठ महाविद्यालयाला जोडून पदवी महाविद्यालय असल्यास तेथील बारावीच्या विद्यार्थ्यांना पदवी प्रवेशाच्या वेळी लाभ होऊ शकतो. त्यामुळे कला व वाणिज्य शाखेत अकरावीची निवड अनेकदा पाच वर्षांची निवड ठरते.

*मागील वर्षाचे प्रवेशगुण :* हे आकडे मार्गदर्शक असले तरी निकालाच्या स्वरूपानुसार ते बदलतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बंद झाल्यामुळे राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर उतरला; पुढच्या वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाल्यावर तो ९५.३० टक्के झाला. अशा वर्षांत आदल्या वर्षीच्या प्रवेशगुणांवर विसंबून केलेले अंदाज चुकतात.

टीका

या अटीवर घेतले जाणारे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला, नियमाची जाण असमान असते. ज्या घरात यापूर्वी कोणी ऑनलाइन प्रवेश घेतलेला आहे किंवा ज्या शाळेत शिक्षक अर्ज भरून घेतात, तेथील विद्यार्थी पहिल्या रकान्याचे महत्त्व जाणून असतात. इतरांना ते निकालानंतर कळते. सायबर कॅफेत घाईने भरलेल्या अर्जातील क्रमही तितकाच बंधनकारक असतो. २०२५ मध्ये पद्धत राज्यभर लागू झाल्याने, जवळपास एकच महाविद्यालय असलेल्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनाही ती प्रथमच स्वीकारावी लागली.

दुसरा आक्षेप शिक्षेच्या प्रमाणाविषयी आहे. वडिलांची बदली, आजारपण, शुल्काची अडचण अशा कारणांनी पहिली पसंती नाकारणाऱ्यालाही तोच नियम लागू होतो. सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत चांगल्या महाविद्यालयांतील जागा बहुतांशी भरलेल्या असतात.

तिसरा आक्षेप असा की, टंचाई एकूण जागांची नसून काही मोजक्या महाविद्यालयांतील जागांची आहे. २०२५-२६ मध्ये राज्यात अकरावीच्या सुमारे २१ लाख जागा उपलब्ध होत्या आणि त्यांपैकी अनेक रिक्त राहिल्या. महाविद्यालयांच्या दर्जातील तफावत कमी झाल्याशिवाय केवळ पसंतीचे नियम बदलून विद्यार्थ्यांवरील ताण कमी होणार नाही, असे या टीकेचे सार आहे.

अटीचे समर्थक याला उत्तर देताना म्हणतात की, बंधन विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या पसंतीचेच आहे, आणि ते काढून टाकल्यास अडलेल्या जागांचा तोटा गुणवत्ता यादीत खाली असलेल्या विद्यार्थ्यांनाच होईल.

इतर प्रवेश पद्धतींशी तुलना

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी पदवीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत हेच तत्त्व पायरीपायरीने लागू होते. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी कोणतीही मिळाल्यास ती बंधनकारक करण्यात आली. आयआयटी व एनआयटी यांच्या संयुक्त जागावाटपात मात्र विद्यार्थ्याला मिळालेली जागा कायम करता येते किंवा ती हाती ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहता येते. अकरावीच्या पद्धतीत ही मधली वाट नाही.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत 'अर्ली डिसिजन' नावाची पद्धत आहे. विद्यार्थी एकाच संस्थेकडे, बहुधा नोव्हेंबरच्या आरंभी, बंधनकारक अर्ज करतो. निर्णय साधारण डिसेंबरच्या मध्यास कळतो आणि प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. पहिल्या पसंतीला वचनाचे रूप देणे हा दोन्ही पद्धतींतील समान धागा आहे. फरक असा की, तेथे विद्यार्थ्याचे वचन संस्थेला आधीच ठाऊक असते आणि निवड करताना ती त्याचा विचार करू शकते. महाराष्ट्रात महाविद्यालय स्वतः निवड करत नाही, आणि पहिल्या क्रमांकामुळे विद्यार्थ्याला एकही गुण अधिक मिळत नाही. पुरेसे अर्थसाहाय्य न मिळाल्यास अमेरिकेतील विद्यार्थ्याला वचनातून मोकळे होता येते. तशी सवलत अकरावीच्या नियमात नाही.

ब्रिटनमधील यूकास पद्धतीत विद्यार्थी संस्थांचे प्रस्ताव हाती आल्यानंतर एक पक्की व एक राखीव अशा दोन निवडी कळवतो. म्हणजे तेथे बंधन येते ते पर्याय समोर दिसल्यावर; महाराष्ट्रात ते पर्याय दिसण्यापूर्वीच स्वीकारलेले असते.

हे सुद्धा पहा

* महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
* कनिष्ठ महाविद्यालय
* राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष
* ठाकुर्ली रेल्वे स्थानक
* कल्याण-डोंबिवली महानगरपालिका